फजितीची बखर



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असतील. एका बाजूला दूरचित्रवाणीवरील विनोद आणि दुसऱ्या बाजूला मराठ्यांचे आरमार! कापूस आणि मासळी एकाच गाडीत कोणी भरीत नाही. आणि त्यातून ही गाडी निघाली आहे वडनेरला. नागपूर-हैदराबादच्या हमरस्त्यावर आपले गाव. येथे पाणी म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे विहीर येते, फार तर तालुक्यातली वणा किंवा जिल्ह्याच्या शिवेवरची वर्धा. जहाजाचे शीड येथे चित्रातच पाहावयाचे. अशा ठिकाणी उभे राहून आरमारावर बोलणे म्हणजे मारवाडात नौकानयनाचा वर्ग काढण्यासारखे आहे, असे माझ्या एका स्नेह्याने मला आधीच सांगून ठेवले आहे. तो स्नेही समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचे नाव सांगत नाही.

पण एक गोष्ट त्याला आणि आपणां सर्वांना सांगून ठेवतो, कारण शेवटी ती उपयोगी पडणार आहे. आपण आरमार म्हटले की पश्चिमेकडे, कोकणाकडे पाहतो. आपले पाणी मात्र कोकणात जात नाही. वणा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाते. वडनेरच्या पावसाचा समुद्र पूर्वेचा आहे. हे एवढे ध्यानात असू द्या.

आता माझी दोन वेडे. काही माणसांना पानाचे व्यसन असते, काहींना पंचांगाचे. मला विनोदी मालिकांचे आणि आरमारी इतिहासाचे आहे. रात्री पडद्यावर कोणाची तरी फटफजिती पाहून पोट धरधरून हसावे आणि मग निजण्यापूर्वी अठराव्या शतकातल्या एखाद्या गलबताची हकीकत वाचावी, हा माझा पुष्कळ वर्षांचा क्रम आहे. घरच्या मंडळींना ही दोन वेगळी वेडे वाटतात. मलाही फार दिवस तसेच वाटत असे. परंतु दोहोंतली गोडी एकाच जातीची आहे, असे माझे आता मत झाले आहे. आणि ते मत मांडण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

प्रथम विनोदाकडे वळू. दिल्लीला दूरचित्रवाणी आली ती १९५९ साली, आणि तिच्या आरंभीच्या काळात तेथे कार्यक्रम उभे करणारांत आपले पु. ल. देशपांडे होते. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्राने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मराठी माणसाला एक अमोल देणगी दिली, ती म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. विजया धुमाळे यांची निर्मिती, दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कृश, भित्रा, बोलण्यात शूर असा एक; आणि काठी घेऊन पुढे होणारा धिप्पाड दुसरा. ज्यांनी ती मालिका पाहिली आहे त्यांना मी अधिक सांगण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

पण या चिमणरावांचे जनक कोण, हे पाहू गेले म्हणजे मौज वाटते. चिंतामण विनायक जोशी, म्हणजे आपले चिं. वि. जोशी, जन्म १८९२, मृत्यू १९६३. हे गृहस्थ बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक होते आणि पुढे बडोदे संस्थानच्या राजदप्तराचे अधिकारी होते. म्हणजे महाराष्ट्राला पिढ्यान् पिढ्या हसविणारा हा माणूस पोटासाठी जुने कागद सांभाळीत होता! दप्तरखान्यातल्या धुळीत ज्याचा दिवस जातो त्याला माणसाच्या बढाईचे आणि प्रत्यक्षाचे अंतर रोज मोजावे लागते. फर्मानात एक लिहिलेले असते, खर्चाच्या याद्यांत दुसरेच निघते. चिमणरावांच्या विनोदाचे मूळ मी त्या धुळीतच शोधतो. हा माझा तर्क आहे. तो न पटल्यास सोडून द्यावा.

आता एक गोष्ट नीट पाहा. 'चिमणरावांचे चऱ्हाट' कोण सांगतो? स्वतः चिमणराव. आपली फजिती तो आपल्याच तोंडाने सांगतो. बेत काय होता, आपण किती शहाणपणाने तो आखला होता, आणि मग कसा बोजवारा उडाला, हे तो इतक्या गंभीरपणे लिहितो की आपल्याला हसू आवरत नाही. दुसऱ्याची फजिती सांगणारे गावोगाव आहेत, चावडीवर रोज भेटतात. स्वतःची फजिती तपशीलवार लिहून ठेवणारा विरळा.

इंग्रज लोकांत हा गुण बराच आहे. त्यांच्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची 'ब्लॅकॲडर' नावाची मालिका आहे. १९८३ पासून १९८९ पर्यंत तिची चार पर्वे झाली. त्यातल्या दुसऱ्या पर्वात, १९८६ साली, समुद्रपर्यटनाचा एक भाग आला. राणी एलिझाबेथचा काळ. ड्रेक आणि रॅले यांचा, म्हणजे ज्या काळाचा इंग्रजांना सर्वांत अधिक अभिमान, तो. त्यात एक नामांकित कप्तान दाखविला आहे. त्याला दोन्ही पाय नाहीत. जहाज निघाल्यावर कळते की जहाजावर खलाशीच घेतलेले नाहीत. त्याविषयी विचारता कप्तान सांगतो की, खलाशी लागतात की नाही याबद्दल मतभेद आहेत. इतर सगळे कप्तान म्हणतात लागतात, मी म्हणतो लागत नाहीत. ज्या आरमाराच्या बळावर या लोकांनी अर्ध्या जगावर राज्य केले त्या आरमाराची ही थट्टा त्यांनी स्वतःच, सरकारी सनदेवर चालणाऱ्या संस्थेतून केली. आपल्याकडे कोणी आंगऱ्यांवर असे प्रहसन करील काय? केलेच तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर काय येईल याची कल्पना आपण करू शकता.

येथून मी माझ्या दुसऱ्या वेडाकडे येतो. मराठ्यांच्या आरमाराच्या पराक्रमाची तपशीलवार हकीकत आज आपल्याला जी ठाऊक आहे, तिचा फार मोठा हिस्सा आला कोठून? आपल्या बखरींतून नव्हे. बखरकार किल्ल्यांची आणि जहाजांची नावे देतो, गौरव करतो आणि पुढे जातो. तपशील आला तो मुंबई आणि सुरतेच्या इंग्रज कारकुनांच्या पत्रांतून. त्यांना दर पैचा हिशेब विलायतेला द्यावा लागे. होडी बुडाली तर का बुडाली, दारूगोळा संपला तर कोणी उडविला, माणूस मेला तर कोणाच्या हुकुमाने पुढे गेला होता, हे सारे लिहावे लागे. मनाच्या मोठेपणाने नव्हे, मालकाच्या भीतीने का होईना, त्यांनी आपली फजिती लिहून ठेवली; आणि त्या फजितीच्या उजेडात आपल्याला आपला विजय दिसतो.

उदाहरणादाखल १६७९ सालची खांदेरी घेऊ. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर हे एक खडकाळ बेट. शिवाजी महाराजांनी तेथे किल्ला बांधण्यास मायनाक भंडारी याला धाडले. मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला! इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी घाईघाईने शिबाडे भाड्याने घेतली, त्यांवर शिपाई चढविले आणि बेटाची रसद तोडण्यास पाठविली. सप्टेंबरात थॉर्प नावाचा एक लेफ्टनंट, हुकूम नसताना आणि दारूच्या अंमलाखाली, बेटावर उतरावयास गेला आणि मारला गेला. ही दारूची गोष्ट आपल्याला कोणी सांगितली? त्याच्याच वरिष्ठांनी. मोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहत थांबत आणि मराठ्यांच्या किरकोळ होड्या वल्ही मारीत, रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून बेटाला चुना, दगड आणि धान्य पोहोचवीत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांत त्या होड्यांविषयीचा चडफडाट वाचावा. चिमणरावाला सायकलवरून पाडून पोरे पळाली तर तो असाच लिहील. शेवटी १६८० च्या आरंभी इंग्रजांना बेटावरचा हक्क सोडून समेट करावा लागला. हीच खांदेरी २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आली, तिच्याबरोबर सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही.

परंतु त्याच कागदांत आणखी एक दिवस आहे, १८ ऑक्टोबर १६७९. त्या दिवशी मराठ्यांचा काफिला इंग्रजांवर चालून गेला. 'डव्ह' नावाचे गलबत शरण आले, इतर शिबाडे पळाली, आणि 'रिव्हेंज' हे एकच जहाज, केग्विन आणि मिंचिन यांच्या हाताखाली, मागे राहिले. त्या एका जहाजाने आपल्या चाळीस-पन्नास नावांना माघार घ्यावयास लावली आणि नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळले. बेट आपण राखले, मोहीम आपण जिंकली, पण तो दिवस आपला नव्हता. आपल्या शाळांतल्या भाषणांत खांदेरी येते, हा दिवस येत नाही. वास्तविक मौज यातच आहे की उघड्या समुद्रात मार खाऊनही मराठे मोहीम जिंकले. कारण त्यांची होडी कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे त्यांना नेमके ठाऊक होते. हा दिवस वगळला म्हणजे ते शहाणपणच वगळले जाते.

आता आपण कान्होजी आंगऱ्यांपाशी येऊ. येथे माझ्या दोन्ही वेडांची गाठ पडते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाने कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूस आणले. तेव्हापासून ४ जुलै १७२९ ला मृत्यू येईपर्यंत कोकण किनाऱ्यावर या सरखेलाचा दस्तक घेतल्यावाचून व्यापारी जहाजाला सुखाने फिरता येत नसे. दस्तक म्हणजे परवाना. इंग्रजांनी स्वतः हीच पद्धत चालविली की तिला कायदा म्हणावयाचे, आणि कान्होजींनी चालविली की चाचेगिरी! चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला तो या चाच्याचा निःपात करण्याची प्रतिज्ञा करून. त्याने मुंबईला तट घातला, लढाऊ जहाजे बांधली आणि मोहिमांचा सपाटा लावला.

१७१७ साली विजयदुर्गावर चाल केली, फसली. १७१८ साली खांदेरीवर केली, फसली. १७२० साली पुन्हा विजयदुर्ग. या खेपेस मुंबईच्या गोदीत एक नवलच तयार करण्यात आले होते: सपाट बुडाचा, जाड भिंतींचा, पाण्यावर तरंगणारा तोफखाना. त्याला ते 'फ्राम' म्हणत. आंगऱ्यांचे गोळे त्याच्या अंगात शिरणार नाहीत आणि तो किल्ल्याच्या कुशीत जाऊन भडिमार करील, असा बेत होता. वॉल्टर ब्राउन सरदार झाला. फ्राम ओढीत ओढीत विजयदुर्गापर्यंत नेण्यात आला. आणि तेथे गेल्यावर उमगले की त्याच्या तोफांची तोंडे हवी तेवढी वर उचलताच येत नाहीत. किल्ला वर, गोळे खाली! बेत, आत्मविश्वास, बोजवारा. चिमणरावांच्या चऱ्हाटाला आणखी काय लागते?

पण या नाटकाचा खरा अंक पुढल्या वर्षीचा. विलायतेच्या राजाने मादागास्करच्या चाच्यांसाठी कमोडोर थॉमस मॅथ्यूज याच्या हाताखाली शाही नौदलाचा एक काफिला पाठविला होता. तो मुंबईला आला. गोव्याचे पोर्तुगीज सामील झाले. खुद्द व्हाइसरॉय मोहिमेवर आला. डिसेंबर १७२१ मध्ये ही सहा-एक हजारांची सेना अलिबागेस उतरून कुलाब्यावर चालून गेली. त्या मोहिमेत क्लेमंट डाउनिंग नावाचा एक नाविक होता. पुढे १७३७ साली त्याने लंडनला आपली हकीकत छापली. त्याने जे लिहिले आहे ते एखाद्या विनोदी मालिकेच्या लेखकाला सुचले असते तर लोक म्हणाले असते, हे फार झाले.

कमोडोर मॅथ्यूज टेहळणीस किनाऱ्यावर गेला असता एका मराठा स्वाराने त्याच्या मांडीत भाला मारला. कमोडोर चवताळून घोड्यावरून त्याच्या पाठीस लागला, गाठले, पिस्तुल रोखले, चाप ओढला. आवाज नाही. दुसरे पिस्तुल काढले. तेही मुके. पिस्तुलांत दारूगोळा भरण्यास साहेब विसरले होते! नंतर प्रत्यक्ष हल्ल्याच्या दिवशी इंग्रजांनी शिड्या लावल्या, काही जण तटावर पोहोचले, आणि तिकडे पोर्तुगीजांच्या फळीवर मराठे तुटून पडताच ती मोडली. सगळा जमाव तोफा टाकून माघारी पळाला. मॅथ्यूजचे माथे इतके भडकले की त्याने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली आणि व्हाइसरॉयशीही जवळजवळ तसाच वागला. व्हाइसरॉयांची प्रकृती त्यानंतर बिघडली आणि ते आपल्या जहाजावर विश्रांतीस गेले. इतक्यात बाजीराव पेशवे फौज घेऊन आलेच होते. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी परभारे तह करून टाकला आणि इंग्रज तोंडात मारल्यासारखे मुंबईस परतले. याच मॅथ्यूजला पुढे तूलाँच्या १७४४ च्या लढाईनंतर चौकशी होऊन १७४७ साली नौदलातून बडतर्फ करण्यात आले.

आपण हसलात; मीही दर खेपेस हसतो. पण हसता हसता एका माणसाचे नाव घेतले पाहिजे, आणि ते घेताना हसू येत नाही. रामा कामती हा मुंबईचा एक बडा शेणवी व्यापारी. कंपनीच्या देशी शिपायांची व्यवस्था त्याच्याकडे असे. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार त्याने केला. आणि १७१८ च्या नाताळात इंग्रजांचे नवे देऊळ उघडले त्या समारंभास तो आपल्या ज्ञातिबांधवांसह हजर होता. खांदेरीची मोहीम फसली, त्यानंतर बूनला वाटू लागले की आपला बेत फसला तो कोणीतरी आधी फोडला म्हणून. संशय रामा कामतीवर आला. कान्होजींशी त्याचा पत्रव्यवहार असल्याचा आरोप झाला, एक पत्र पुढे करण्यात आले, १७२० साली त्याला जन्मठेप झाली आणि मालमत्ता जप्त झाली. त्या बंदिवासातच तो मेला. ते पत्र बनावट असल्याचे पुढे उघड झाले. तोफेचे तोंड वर होत नाही हे हसण्यावारी नेता येते. पण ज्या माणसांना 'आमचेच चुकले' असे म्हणवत नाही, ती दुसरा कोणीतरी गुन्हेगार शोधतात, आणि तो बहुधा जवळचाच असतो. इंग्रजांच्या कागदांत फजिती नोंदली गेली खरी. पण नोंदणे निराळे आणि मानणे निराळे.

कान्होजींना स्वतःला विनोदाचे अंग होते काय? मला वाटते, होते. १७२४ साली बूनच्या जागी आलेल्या विल्यम फिप्स याने त्यांना एक लांबलचक उपदेशपर पत्र लिहिले. लुटीवर राज्य टिकत नाही, असा त्याचा मथितार्थ. कान्होजींचे उत्तर इंग्रजी दप्तरात आहे. दुसऱ्याचे आपले व्हावे ही इच्छा व्यापाऱ्यांनाही सुटलेली दिसत नाही, जगाची रीतच अशी आहे की एकाचे काढून दुसऱ्याला मिळते, असा त्यातला भाव. रागावणे नाही, शपथा नाहीत. एखाद्या वाण्याने तागडीला पासंग लावून देवाधर्माच्या गोष्टी सांगाव्यात आणि गिऱ्हाइकाने शांतपणे तागडीकडे बोट दाखवावे, तसे ते उत्तर आहे. आणखी एक विनोद इतिहासाने आपणहून केला. मुंबईचा जो जुना किल्ला, जेथून कान्होजींविरुद्ध मोहिमा आखल्या गेल्या, तेथील नौदलाच्या तळाला १९५१ साली नाव मिळाले 'आंग्रे'. बूनसाहेबाच्या अंगणात कान्होजींचा पुतळा उभा आहे.

येथवर आपण दुसऱ्यांना हसलो. आता आपली पाळी.

कान्होजींचा मुलगा तुळाजी. त्याचे आणि नानासाहेब पेशव्यांचे पटेना. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला आणि घरचे भांडण मिटविण्यासाठी शेजाऱ्याला काठी घेऊन आत बोलाविले. कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले. येण्यापूर्वी मुंबईत या मंडळींनी काय केले असेल? लुटीत कोणाचा हिस्सा किती, यावर भांडण! लग्न ठरण्यापूर्वी मानपानावरून रुसवेफुगवे व्हावेत तसा प्रकार. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करण्यास गेला. किल्ला मराठ्यांच्या हाती पडेल या धास्तीने इंग्रजांनी घाई केली. १३ फेब्रुवारीच्या सुमारास सारे आटोपले. इंग्रजांचा एक गोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे मूळचे इंग्रजांचेच, तुळाजीने पूर्वी धरून आणलेले जहाज. ते पेटले, त्याची आग शेजारच्या गुराबांना लागली, आणि दोरखंडांनी एकत्र बांधलेले आंगऱ्यांचे सारे आरमार काही तासांत जळून गेले. किल्ला इंग्रजांनी घेतला, सुमारे दहा लाखांची लूट आपसांत वाटून घेतली, आणि दोस्त पेशव्यांना किल्ला परत मिळावयास ऑक्टोबर उजाडला. त्याबद्दल बाणकोट द्यावे लागले.

या प्रसंगावर आपण दोन तऱ्हांनी लिहितो. काही जण पेशव्यांना घरभेदे म्हणतात, काही तुळाजीला बंडखोर म्हणतात. दोन्ही पक्ष दात-ओठ खातात. या प्रसंगात गुंड्याभाऊला हाताशी धरून स्वतःचेच घर पाडणारा एक चिमणराव आहे, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होत नाही. आणि तसे म्हटल्यावाचून, नानासाहेबांसारखा हुशार कारभारी येथे का ठेचकाळला, हा प्रश्न सुद्धा नीट विचारता येत नाही. पुण्याला आरमार म्हणजे एक अवघड सरदार वाटत होता. आरमार म्हणजे समुद्र, हे वाटत नव्हते.

पुण्याला नावे ठेवून आपण वैदर्भीय सुटत नाही. मघाशी पाण्याची गोष्ट सांगितली होती ती आता काढतो. आपण ज्यांची प्रजा होतो त्या नागपूरकर भोसल्यांना समुद्रकिनारा होता, हे येथे किती जणांना ठाऊक आहे? पहिल्या रघूजींच्या फौजा बंगाल्यावर गेल्या, १७५१ साली अलीवर्दीखानाशी तह झाला आणि ओरिसा नागपूरच्या ताब्यात आला. कटक, पुरी आणि बालासोर. बावन्न वर्षे, १८०३ पर्यंत, बंगालच्या उपसागराचा तो किनारा आपल्या राजाचा होता. वडनेरचे पाणी ज्या समुद्राला मिळते त्याच समुद्राचा काठ.

आणि बालासोर म्हणजे काय साधे ठिकाण? कलकत्त्याला जाणारे विलायती जहाज थेट हुगळीत शिरू शकत नसे. नदी गाळाने फसवी. म्हणून जहाजे बालासोरसमोरच्या समुद्रात नांगर टाकून वाटाड्याची वाट पाहत उभी राहत. कंपनीचे सोने, कंपनीच्या तोफा, कंपनीचे गव्हर्नर, सारे भोसल्यांच्या दारापुढे नांगर टाकून ताटकळत होते! कान्होजींना असे एक ठिकाण मिळते तर त्यांनी काय केले असते? दहा गुराबा, वीस गलबते आणि दस्तकाचा एक शिक्का. कलकत्त्याचा इतिहास थोडा तरी निराळा झाला असता.

आपण काय केले? समुद्राकडे पाठ केली आणि पुरीच्या यात्रेकरूंवर कर बसविला. समुद्र आपल्याला आला तो मिठाच्या रूपाने. बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून ओरिसाचे मीठ इकडे येई आणि इकडचा कापूस तिकडे जाई. मिठाची चव कळली, पाण्याची कळली नाही. इंग्रजांना मात्र त्या पट्टीची किंमत पुरती कळली होती. त्यांचे कलकत्ता एका टोकाला, मद्रास दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये भोसल्यांचा कटक. क्लाइव्हने १७६६ साली मॉट नावाच्या माणसाला संबळपूरकडे धाडले. त्या निमित्ताने ओरिसा विकत मिळेल काय, ही चाचपणी चालू होती. भोसल्यांचा वकील चौथाईच्या थकबाकीचा हिशेब मांडीत राहिला. एक पक्ष नकाशा पाहत होता, दुसरा वहीखाते.

मग १८०३ आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या वर्षी असईची लढाई येते, २३ सप्टेंबर. अडगाव येते, २९ नोव्हेंबर. गाविलगड येतो, १५ डिसेंबर. या साऱ्या जमिनीवरच्या गोष्टी, आणि त्यांत आपले लोक शौर्याने लढले. पण असईच्या आधी पाच दिवस, १८ सप्टेंबरला, गंजामहून आलेला कर्नल हारकोर्ट पुरीत शिरला होता. २१ सप्टेंबरला कॅप्टन मॉर्गन कलकत्त्याहून जहाजांतून आला आणि समुद्रकाठी उतरून त्याने बालासोर घेतले. त्याच्याबरोबर माणसे किती होती? काही शेकडा. त्याला अडवावयाला समुद्रावर आपली एक होडी नव्हती. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला पडला. भोसल्यांची मुख्य फौज तेव्हा वऱ्हाडात होती. बावन्न वर्षांचा किनारा एका महिन्यात गेला, आणि तो कसा गेला हे सांगणारी बखर नागपुरात कोणी लिहिली नाही. जे कळते ते पुन्हा इंग्रजांच्याच खलित्यांवरून.

१७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. त्यात दुसऱ्या रघूजींनी कटक आणि बालासोर सोडले, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही सोडला. तेव्हापासून वर्धा ही सरहद्द झाली. अलीकडचा काठ भोसल्यांचा, पलीकडचा निजामाचा. आपण अलीकडे राहिलो. नदीतले पाणी मात्र कोणत्याही तहाला न विचारता पूर्वीसारखेच प्राणहितेकडे वाहत होते.

माझ्या स्नेह्याने घड्याळ दाखविले आहे. शंका असतील त्या विचाराव्यात. जहाजांविषयीच्या विचारल्यात तर उत्तम, चिमणरावांविषयीच्या विचारल्यात तर रात्र पुरणार नाही.